सुईच्या आधी दोन चमचे दूध



गेल्या पौषातली गोष्ट. हरभऱ्याचा प्लॉट बघून परत निघालो होतो, वाटेत बापूंच्या वस्तीवर चहाला थांबलो. चहा आला तो बिनदुधाचा. वहिनी जरा ओशाळून म्हणाल्या, "साहेब, दूध आहे घरात, पण घालावंसं वाटत नाही. पाच दिवस झाले, दहीच लागंना. विरजण बदलून बघितलं, शेजारनं आणून बघितलं, भांडं चुलीपाशी ठेवलं. सकाळी उघडावं तर दूध जसंच्या तसं."

थंडीने दही उशिरा लागते हे कुणाही घरात ठाऊक असते. पण पाच दिवस? मी विचारले, "वहिनी, गाईला काही औषध चालू आहे का?"

तेव्हा बापू बोलले. चौदा-पंधरा लिटरची गाय, कर्ज काढून घेतलेली, तिसऱ्या वेताची. मागच्या उजव्या सडात गाठी आल्या, कास तापली, टणक झाली. आपण ज्याला दगडी म्हणतो तोच कासदाह. मोटारसायकलवरून फिरणारा एक जण येऊन इंजेक्शन देऊन गेला. दोन दिवसांत जरा उतार वाटला म्हणून तिसरे इंजेक्शन घेतले नाही. आठवड्याने दगडी पुन्हा आली. मग दुसरे इंजेक्शन, मग सडात सोडायची ट्यूब, मग "आता जरा भारीतलं देतो" म्हणून तिसरे. तीन आठवड्यांत चार प्रकारची औषधे झाली. दुखऱ्या सडाचे दूध वासराला पाजत होते आणि बाकी तीन सडांचे घरात आणि केंद्रावर जात होते.

दही का लागत नव्हते त्याचा उलगडा तिथेच झाला. दही लावणारे जंतूच असतात, आपल्या उपयोगाचे. गाईच्या अंगात टोचलेले औषध रक्तातून चारही सडांच्या दुधात उतरते आणि विरजणाच्या जंतूंनाही मारते. दुधात औषध आहे का हे तपासायची प्रयोगशाळेतली एक चाचणी ह्याच तत्त्वावर चालते. निरुपद्रवी जंतू दुधात सोडायचे आणि ते वाढतात की नाही ते पाहायचे. वहिनींनी ती चाचणी न शिकता पाच वेळा केली होती.

आता माझी गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे बरे नाही. गाय आजारी पडली त्या पहिल्याच दिवशी बापूंचा मला फोन आला होता. मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरी मी घाईत म्हणालो, "गेल्या साली तुमच्या म्हशीला जे दिलं होतं तेच द्यायला सांगा, गुण आला होता ना!" बापूंनी माझा शब्द मानला. त्या पहिल्या इंजेक्शनाचे नाव माझ्या तोंडून गेले होते.

तीस वर्षे मी गावोगाव फिरून सांगत आलो की माती परीक्षण केल्याशिवाय खताची गोणी उघडू नका. जमिनीत काय कमी आहे ते कळल्याशिवाय काय टाकणार? भिंतीवर रंगवून घेतले, शेतकरी मेळाव्यांत बोललो. आणि त्याच तोंडाने, जंतू कोणता ते न पाहता, गाईला औषध सुचवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाय पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, पण कामाला पक्क्या. त्यांनी नाडी, ताप, कास बघितली आणि म्हणाल्या, "हिला ताप नाही, खाते-पिते आहे. सगळी इंजेक्शनं बंद. दिवसातून चार-पाच वेळा सड पिळून रिकामा करा, सूज उतरायचं औषध देते. शेवटच्या सुईचा अंमल उतरला की दुधाचा नमुना घेऊ." बापू कुरकुरले. दवाखान्यात येऊन सुई नाही म्हणजे काय! मलाही वाटले की ह्या बाई जरा पुस्तकी दिसतात. पण ह्या वेळी मी गप्प बसलो.

चार दिवसांनी नमुना घेतला. दोन चमचे दूध, त्यापेक्षा जास्त नाही. बर्फात ठेवून तो मी स्वतः जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचवला. अहवाल आणायला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी आत बोलावून बशी दाखवली. कॉलेजात वनस्पती रोगशास्त्राच्या तासाला अशा बशा मी हाताळल्या होत्या. तीस वर्षांनी पुन्हा बघितली आणि प्रथमच नीट समजली असे म्हणेन.

बशीत पिवळसर, थलथलीत खरवसासारखा थर असतो. त्यात जंतूंचे खाद्य असते आणि ते घट्ट होण्यासाठी अगर घातलेले असते. अगर म्हणजे आपल्याकडे दुकानात चायनाग्रास म्हणून मिळते तेच, समुद्रातल्या शेवाळापासून केलेले. त्याची एक हकिकत आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख ह्यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिनवर जंतू वाढवत. उन्हाळ्यात ते वितळे आणि सगळे काम वाया जाई. तिथे काम करणारे वॉल्थर हेसे ह्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी फळांची जेली करताना अगर वापरत. जावामध्ये राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून त्या ते शिकल्या होत्या. १८८१ मध्ये त्यांनीच सुचवले की बशीतही हेच वापरून बघा. तेव्हापासून आजतागायत जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत अगर चालते. पुढच्याच वर्षी कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. त्या लेखात अगरचा उल्लेख आहे, बाईंचे नाव मात्र नाही. विरजणावरून पहिली शंका घेणाऱ्या आमच्या वहिनींना मी ही हकिकत मुद्दाम सांगितली.

असो. तर त्या थरावर आधी दुधातला जंतू वाढवून ओळखतात. ह्याला एक दिवस जातो. मग तोच जंतू नव्या बशीवर सगळीकडे सारखा फासतात आणि वर कुंकवाच्या टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत वेगळे औषध, ठरलेल्या मापाचे. बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी बघावे तर सगळ्या बशीवर जंतूंचा साय धरल्यासारखा थर आलेला असतो. ज्या औषधाला तो जंतू भितो त्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल कडे पडते. ज्याला भीत नाही त्या चकतीला तो अगदी खेटून वाढतो. मग पट्टी लावून कडे मिलिमीटरमध्ये मोजतात आणि तक्त्याशी ताडून बघतात. कडे मोठे म्हणजे औषध भारी असे मात्र नसते. कोणत्या औषधाला किती मिलिमीटर लागतात ते वेगवेगळे ठरलेले आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत बॉअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवून दिली. नवी यंत्रे आली तरी आपल्याकडच्या पुष्कळ प्रयोगशाळांत आजही हीच चालते.

अहवालावर प्रत्येक औषधापुढे एक इंग्रजी अक्षर असते. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही, आय म्हणजे मधले, डॉक्टरांनी बघून ठरवायचे. बापूंच्या गाईच्या दुधात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू निघाला. ह्या जातीतल्या पुष्कळ जंतूंना पेनिसिलीनचे तुकडे करणारा पदार्थ स्वतःच तयार करता येतो. तीन आठवड्यांत दिलेल्या चार औषधांपैकी तिघांपुढे आर होते. माझ्या तोंडून गेलेले नाव त्यात पहिले.

चौथे औषध चालण्यासारखे होते, पण त्याचे दोनच डोस दिले होते. डॉक्टरीणबाईंनी अहवाल बघून औषध निवडले, पूर्ण दिवस दिले, आणि किती दिवस दूध घरी वा केंद्रावर द्यायचे नाही ते कागदावर लिहून दिले. तीन सड वाचले. मागचा उजवा बाद झाला. तीन आठवडे आत सूज राहून कास कठीण पडली होती, ते काही परत येईना. औषधाचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर उद्या कुणी हा अंक घेऊन दुकानात जाईल आणि पुन्हा माझेच पाप माझ्या पदरात पडेल.

आता जंतू औषधाला का जुमानत नाहीत ते पाहू. कपाशी करणाऱ्यांना हे फार समजावायला नको. २०१७ चा हंगाम आठवा. ज्या बियाण्याला बोंडअळी शिवत नाही म्हणून आपण घेत होतो त्याच कपाशीची बोंडे गुलाबी अळीने पोखरली. अळी काही एका रात्रीत शहाणी झाली नव्हती. लाखांत एखादी मुळातच दणकट होती. बाकीच्या मेल्या, ती उरली, तिची पिल्ले उरली, आणि काही वर्षांत शिवारात तिचेच राज्य झाले. जंतूंचे असेच होते, फक्त अळीची पिढी महिन्याभराची तर जंतूंची पिढी पोषक जागी वीस-तीस मिनिटांची. शिवाय त्यांच्यात एक खोड आहे जी अळीत नाही. औषध पचवण्याची युक्ती एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो, आपण शेजाऱ्याला बियाणे द्यावे तशी. गोठ्यातल्या जंतूची युक्ती माणसाच्या जंतूला मिळू शकते ती अशी. औषधाचा अंश असलेले दूध वासराला पाजले की त्याच्या पोटातही असेच दणकट जंतू निवडले जातात. म्हणून ते दूध वासरालाही नको.

पेनिसिलीन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना हे तेव्हाच दिसले होते. शोध १९२८ चा, नोबेल पारितोषिक १९४५ चे. पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच त्यांनी बजावले की कमी मात्रेत औषध घेणारा माणूस जंतूंना मारत नाही, उलट त्यांना औषध पचवायला शिकवतो. बापूंचे "उतार पडला म्हणून थांबलो" हे त्यातलेच.

गोठ्याची गोष्ट झाली, आता घरची. माझ्या आईला, वय अठ्ठ्याहत्तर, थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ होत होती. कपाटात मंडळींच्या घसादुखीच्या वेळच्या गोळ्या उरल्या होत्या, त्यातल्या तीन मी आईला दिल्या. पानाच्या पाकिटावर उभी लाल रेघ होती. ही रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, हे मला माहीत होते. दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी ताप दुप्पट जोराने आला. डॉक्टरांनी लघवीचे कल्चर सांगितले आणि विचारले, "आधी काही गोळ्या दिल्या होत्या का?" मी नाही म्हणालो. सरकारी अधिकारी, चार लोकांना शहाणपण शिकवणारा, लाज वाटली एवढेच कारण.

दोन दिवसांनी अहवाल आला, त्यावर लिहिले होते की जंतूंची वाढ नाही. सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत पू दिसत होता, आई तापाने फणफणली होती आणि बशीत मात्र काही नाही. डॉक्टर बुचकळ्यात पडले. मग मी खरे सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत, ते जास्त लागले. म्हणाले, "तुमच्या तीन गोळ्यांनी जंतू मेला नाही, फक्त बशीत वाढण्याइतका शिल्लक दिसला नाही. चोर पळून गेल्यावर पाऊलखुणा पुसल्यासारखं झालं हे." आईला दवाखान्यात ठेवावे लागले. नमुना पुन्हा घेतला, तेव्हा ई-कोलाय निघाला. कपाटातल्या गोळीपुढे आर. डॉक्टरांनी रक्तातले क्रिएटिनिन बघून, मूत्रपिंडाला सोसेल असे औषध एसच्या यादीतून निवडले. ह्यावरून एक समजले. यादीत एस दिसले म्हणून आपणच उठून दुकानात जायचे नसते. कोणते औषध शरीरात कुठवर पोचते, वयाला आणि मूत्रपिंडाला झेपते का, हे अहवाल सांगत नाही. आई बरी झाली. पण खरे सांगितले असते तर तिचे चार दिवस वाचले असते.

पॅथॉलॉजी म्हटले की आपल्याकडे लोकांना वाटते, डॉक्टरांनी खर्च वाढवायला काढलेली वाट. कुठे कुठे तसे होतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण तपासणीचे सर्वांत मोठे काम पुष्कळदा औषध वाचवण्याचे असते. हिवताप आहे का, डेंगी आहे का, हे रक्त सांगते. डेंगी विषाणूचा, त्याला जंतूंवरची ही औषधे लागूच पडत नाहीत. जनावरांत २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हाही तेच. लंपीही विषाणूचीच, फक्त गाठी फुटून जखमेत जंतू शिरले तरच त्या औषधांचा उपयोग. संकरित गाईला सडकून ताप, काखेत-मांडीत गाठी आणि अंगावर गोचीड असले की कानातल्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून बघितला म्हणजे गोचीड ताप कळू शकतो. थायलेरियाचा असेल तर त्याचे औषध निराळे आहे. काचपट्टी न बघता दिलेली पेनिसिलीनची सुई गाईच्याही कामाची नाही, मालकाच्याही नाही. क्षयरोगात तर आता थुंकीची यंत्रावरची तपासणी दोनेक तासांत सांगते की क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही. सरकारी केंद्रात ती फुकट होते.

माझ्या स्वतःच्या खात्याकडेही बोट दाखवतो. डाळिंबावर तेल्या आला की स्ट्रेप्टोसायक्लिन, हे आमच्या भागात पाढ्यासारखे पाठ आहे. मीही कितीतरी फवारणी वेळापत्रकांत ते लिहून दिले. त्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन. पैकी स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक, माणसाचे औषध. आणि डाळिंबावरचा प्रत्येक डाग तेल्याचा नसतो. बुरशीचे डागही असतात आणि बुरशीवर स्ट्रेप्टोसायक्लिनचा काडीचा उपयोग नाही. डागाचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जिवाणूंचा रोग असल्यास कडेने धुरासारखा लोट बाहेर पडताना दिसतो. टोमॅटोच्या मर रोगात तर सूक्ष्मदर्शकही नको. बुंध्याजवळचे खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून धरा. जिवाणूंची मर असेल तर काही मिनिटांत दुधासारखे धागे खाली उतरतात. बुरशीची असेल तर पाणी स्वच्छ राहते. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ही दोन औषधे शेतीतून काढून टाकण्याच्या आदेशाचा मसुदा काढला तेव्हा आमच्याकडे फार ओरड झाली. मीही ओरडणाऱ्यांत होतो. आज पाने-फळे पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, मगच फवारा भरा, असे सांगतो. रोगट फांद्या छाटून जाळणे आणि बागेला विश्रांती देणे ह्याने जे साधते ते बाटलीने साधत नाही, हे मला उशिरा पटले.

हे सगळे आपल्या वस्तीपुरते नाही. २०१९ ह्या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट दगावलेली माणसे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होती, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडला. ह्या मोजणीतही प्रयोगशाळांच्या बशांचा मोठा आधार आहे. एका गाईचा अहवाल एका गाईला उपयोगी पडतो. पण एका भागातले शेकडो अहवाल एकत्र मांडले की ह्या भागात सध्या कोणते औषध चालत नाही हे कळते. अहवाल यायच्या आधीचे दोन दिवस, जेव्हा रोगी तापलेला असतो आणि डॉक्टरांना अंदाजानेच औषध सुरू करावे लागते, तेव्हा हाच तक्ता त्यांच्या हाताशी असतो. माणसांच्या बाबतीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांचे असे जाळे चालवले आहे. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा आधार म्हणून राखलेले औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास जात होते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९ च्या जुलैत खाण्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांकरता त्याचे उत्पादन आणि विक्री बंद केली. कुक्कुटपालन करणाऱ्यांनी खाद्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचायची सवय ठेवावी.

पण खेड्यातून प्रयोगशाळा लांब आहे, हे खरे दुखणे. खतासाठी आपल्या गावात दुकान आहे, सुईसाठी मोटारसायकल दारात येते, आणि दोन चमचे दुधासाठी जिल्ह्याला जावे लागते. माती परीक्षणासाठी फिरती गाडी निघाली तशी दुधाच्या नमुन्यांसाठी का निघू नये? दूध केंद्रावर बर्फ रोज येतो, टँकर रोज जिल्ह्याला जातो. त्याच टँकरच्या केबिनमध्ये नमुन्यांची एक पेटी गेली तर काय बिघडेल? हे मी वर लिहून पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोवर आपापल्या दूध संस्थेच्या सभेत हा विषय काढा, पाच-दहा गावांनी मागितले की हलतात लोक.

नमुना कसा घ्यायचा ते डॉक्टरीणबाईंनी बापूंच्या सुनेला शिकवले, मी शेजारी उभा राहून लिहून घेतले. निर्जंतुक बाटली दवाखान्यातून आधीच आणून ठेवायची, घरची औषधाची वा लोणच्याची बाटली चालत नाही. हात साबणाने धुवायचे, सड धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करायचे आणि सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. पहिल्या तीन-चार धारा टाकून द्यायच्या, पण जमिनीवर नाही, नाही तर तोच जंतू गोठाभर होतो. मग बाटली आडवी धरून, तिच्या तोंडाला सड वा बोट न लावता, दोन चमचे दूध घ्यायचे. कोणता सड, कोणती तारीख, आधी काय औषध दिले, हे चिठ्ठीवर खरे लिहायचे. (माझ्यासारखे करू नका.) बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचे. हे सगळे सुईच्या आधी. जनावर तापाने निपचित असेल, खात नसेल, तर अहवालासाठी थांबू नये. नमुना काढून घ्यावा आणि लगेच डॉक्टरांचे औषध सुरू करावे, अहवाल आल्यावर बदलता येते.

दगडी यायचीच नाही ह्यासाठी काय करावे ते पूर्वी ह्या सदरात येऊन गेले आहे, म्हणून एकच सांगतो. धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे असते. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली की जंतू आत गेलाच. धार झाल्याबरोबर पुढ्यात वैरण टाका, अर्धा तास ती उभी राहील.

परवा बापूंच्या वस्तीवर पुन्हा जाणे झाले. गाय तीन सडांवर अकरा लिटर देते. हप्ता दोनदा थकला, तो अजून ओढाताणीने फेडताहेत. गोठ्याच्या फळीवर दवाखान्यातून आणलेल्या दोन निर्जंतुक बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या दिसल्या. मोटारसायकलवाला मध्यंतरी येऊन गेला होता, सून म्हणाली, "त्याला म्हटलं, आधी बाटली भरू दे." तो पुन्हा आलेला नाही. चहा ह्या वेळी दुधाचा मिळाला, आणि जेवायला वहिनींनी कवडीचे दही वाढले.